इंदापूर-बारामती परिसरातील भजन परंपरा

इंदापूर-बारामती परिसरातील भजन परंपरा ही पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील गावोगावी चालत आलेली, टाळ, पखवाज आणि वीणा यांच्या साथीने संतांचे अभंग सामूहिकपणे गाण्याची परंपरा होय. ती वारकरी संप्रदायाचा भाग आहे. देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग या दोन तालुक्यांतून जातो, त्यामुळे येथील भजनाला वर्षातून एकदा मोठ्या समुदायाशी जोडले जाण्याची संधी मिळते. उरलेले वर्ष ते गावाच्या देवळात, एकादशीच्या रात्री, शेतीची कामे आटोपून आलेल्या माणसांच्या बळावर चालते.

या परंपरेत गायक आणि श्रोता यांच्यात पक्की सीमारेषा नाही. शहरी मैफलीत गाणारा मंचावर आणि ऐकणारा समोर असतो. भजनात ऐकायला आलेल्याच्या हातीही टाळ दिला जातो. त्यामुळे वरकुट्यासारख्या लहान गावातील संगीतप्रेमी हा केवळ आस्वादक न राहता आपल्या गावच्या गाण्याचा भागीदार आणि राखणदार ठरतो. भजनावरील प्रेम आणि गावावरील प्रेम ही येथे बहुधा एकच गोष्ट असते.

भूगोल आणि पार्श्वभूमी

इंदापूर तालुका भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेला आहे. तालुक्याच्या टोकाला नीरा नरसिंहपूर येथे या नद्यांचा संगम होतो. तेथे लक्ष्मी-नृसिंहाचे प्राचीन क्षेत्र आहे. संगमानंतर भीमा पुढे पंढरपूरला जाते आणि तेथे चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. इंदापूरच्या काठावरून वाहिलेले पाणीच विठ्ठलाच्या पायथ्याशी पोहोचते, ही जाणीव या भागातील वारकऱ्यांच्या बोलण्यात वारंवार येते.

वरकुटे हे या परिसरातील गावाचे नाव असून इंदापूर तालुक्यात वरकुटे बुद्रुक आणि वरकुटे खुर्द अशी दोन गावे आहेत. जुन्या महसुली प्रथेप्रमाणे एकाच नावाच्या दोन गावांपैकी मोठे ते बुद्रुक आणि लहान ते खुर्द. परिसर मूळचा अवर्षणप्रवण. ज्वारी आणि बाजरी ही येथील जुनी पिके. नीरा डाव्या कालव्याचे आणि पुढे उजनी जलाशयाचे पाणी मिळाल्यानंतर ऊस वाढला आणि त्याबरोबर दिनक्रमही बदलला. या बदलाचा भजनाशी थेट संबंध आहे. कोरडवाहू गावात सुगीनंतर मोकळी रात्र मिळत असे. बागायती गावात मात्र रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी देण्यासाठी भजनातला माणूस बांधावर उभा असतो.

बारामती शहराला मराठी काव्याच्या इतिहासात स्वतंत्र स्थान आहे. पंडित कवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांचे वास्तव्य कऱ्हा नदीकाठच्या या गावी होते. त्यांच्या आर्या कीर्तनकार हरिदासांनी महाराष्ट्रभर पोहोचवल्या. एकीकडे मोरोपंतांची पांडित्यपूर्ण आर्या आणि दुसरीकडे तुकोबांचा सर्वांच्या तोंडी असलेला अभंग, असे गेय काव्याचे दोन प्रवाह या परिसरात शेजारी शेजारी वाहिले.

पालखी मार्गावरील गावे

संत तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला असे मानले जाते. आरंभी ज्ञानदेव आणि तुकोबा या दोघांच्या पादुका एकाच पालखीत असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीहून ज्ञानदेवांचा स्वतंत्र सोहळा सुरू केला. आळंदीची पालखी सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण या मार्गाने जाते. देहूची पालखी पुण्याहून यवत, वरवंडमार्गे बारामतीला येते आणि पुढे सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करीत नीरा ओलांडून अकलूजच्या दिशेने सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. सासवडहून निघणारी संत सोपानदेवांची पालखीही बारामती भागातून जाते.

या वाटेवरील काही ठिकाणे विशेष प्रसिद्ध आहेत. बारामतीजवळील काटेवाडी येथे परीट समाजातर्फे पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडी येथे या सोहळ्यातील पहिले गोल रिंगण होते. इंदापूर येथेही गोल रिंगण पाहण्यासाठी आसपासच्या गावांतील लोक जमतात. रिंगणात अश्व धावतात, पताकाधारी, तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया आणि वीणेकरी फेऱ्या घेतात. त्यानंतर टाळकरी उडीचा खेळ करतात. शेकडो टाळ एका ठेक्यावर पडतात आणि कोणी एकाने हाताने ताल न देताही लय सुटत नाही. ही शिस्त त्या दिवशी तयार होत नाही. ती वर्षभर गावोगावच्या देवळांत घडलेली असते.

पालखीचा मार्ग प्रत्येक गावातून जात नाही. मार्गाबाहेरील गावांतील लोक भाकरी, चटणी, पिठले घेऊन मुक्कामाच्या गावी जातात, दिंड्यांना जेवू घालतात आणि रात्री दिंडीच्या राहुटीतील भजनाला बसतात. परक्या जिल्ह्यातून आलेल्या दिंडीची एखादी नवी चाल तेथे ऐकली जाते आणि पुढच्या एकादशीला ती आपल्या देवळात म्हणून पाहिली जाते. ध्वनिमुद्रणाची साधने नव्हती त्या काळात चालींचा प्रसार मुख्यतः अशाच मार्गाने झाला.

भजनाची घडण

भजनातील मुख्य रचना अभंग ही होय. अभंगाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. मोठ्या अभंगाच्या प्रत्येक कडव्यात चार चरण असून पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्या चरणात चार अक्षरे असतात. दुसऱ्या व तिसऱ्या चरणात यमक असते. लहान अभंगात साधारणतः आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात. हा छंद अक्षरांच्या संख्येवर चालतो, लघु-गुरूंच्या काटेकोर क्रमावर नाही. त्यामुळे गाणाऱ्याला अक्षर लांबविण्याची किंवा आखडण्याची मुभा मिळते आणि एकच अभंग अनेक चालींत बसू शकतो. निरक्षर माणसाला शेकडो अभंग पाठ होण्यामागे या छंदाचा सैलपणा आणि यमकाची खूण ही दोन्ही कारणे आहेत.

भजनाचा प्रमुख गायक अभंगाचे ध्रुपद, म्हणजे पालुपद, प्रथम म्हणतो. मग टाळकरी ते उचलतात. टाळकरी बहुधा समोरासमोर दोन ओळींत उभे राहतात किंवा बसतात. एका ओळीने चरण म्हणावा आणि दुसरीने तो झेलावा अशी रीत असते. लय विलंबित सुरू होऊन टप्प्याटप्प्याने वाढते आणि शेवटी गजरात मिसळते. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा गजर या वाटेवर अखंड ऐकू येतो. ‘रामकृष्णहरी’ हा तुकोबांना त्यांचे गुरू बाबाजी चैतन्य यांच्याकडून स्वप्नात मिळालेला मंत्र मानला जातो आणि भजनाचा आरंभ बहुतेक ठिकाणी त्यानेच होतो.

अभंगांचा क्रमही ठरलेला असतो. प्रथम विठ्ठलाच्या रूपाचे अभंग, मग नामाचे, संतांच्या महिम्याचे, उपदेशाचे, पुढे विरहिणी आणि गौळणी, शेवटी आरती व पसायदान असा सामान्य क्रम आहे. पहाटे काकडा आणि भूपाळ्या म्हणतात. आठवड्याच्या प्रत्येक वाराचे अभंगही ठरलेले असतात. सायंकाळी हरिपाठ होतो. जाणकार गायकाने क्रम मोडून गौळण आधी घेतली तर मागे बसलेला वयस्क टाळकरी खाकरून सूचना देतो. भजनातील टीका सहसा एवढीच असते, परंतु ती पुरेशी असते.

चालींमध्ये यमन, भूप, भीमपलास, मालकंस, भैरवी यांसारख्या रागांच्या छाया दिसतात. गाणाऱ्यांना रागाचे नाव ठाऊक असेलच असे नाही. चाल ओळखली जाते ती गावाच्या, फडाच्या किंवा पूर्वी ती म्हणणाऱ्या माणसाच्या नावाने. ग्रामीण भजनात उंच पट्टीचे विशेष आकर्षण आहे. काळी चार किंवा काळी पाच या पट्टीत तारसप्तकात स्वर स्थिर ठेवणाऱ्या गायकाचे नाव पंचक्रोशीत होते. अशा वरच्या स्वराला ‘टीप’ म्हणतात. ध्वनिक्षेपकाविना उघड्या माळावर आवाज पोहोचविण्याची गरज हे या आवडीमागचे एक व्यावहारिक कारण असू शकते.

वाद्ये

दिंडीतील पारंपरिक वाद्ये तीनच आहेत: टाळ, पखवाज आणि वीणा.

टाळ कांशाचे किंवा पितळेचे असून दोरीने जोडलेले असतात. ते पूर्ण उघडे वाजवले तर नाद लांबतो. हातात दाबून वाजवले तर तुटक आवाज येतो. या दोहोंच्या अदलाबदलीतून ठेक्याला रंग भरतो. नवशिक्याला आधी टाळच देतात, कारण टाळ वाजविताना कान, हात आणि पाय एकाच लयीत आणावे लागतात.

पखवाजाला वारकरी मृदंग असेही म्हणतात. खोडाचा एकसंध तुकडा कोरून त्याचे खोड तयार होते आणि दोन्ही तोंडे कातड्याने मढवलेली असतात. उजव्या तोंडावर शाई असते. डाव्या तोंडावर वाजविण्यापूर्वी भिजवलेली कणीक लावतात, त्यामुळे आवाजाला खर्जाचा भरदारपणा येतो. वादन संपल्यावर कणीक काढून टाकावी लागते, नाहीतर कातडे खराब होते. भजनात मुख्यतः आठ मात्रांचा भजनी ठेका वाजतो. लय वाढल्यावर वादक दुगण आणि लग्ग्या घेतो. गावात चांगला पखवाजवादक असणे ही प्रतिष्ठेची बाब मानली जाते, कारण टाळकरी अनेक मिळतात, पण पखवाज सांभाळणारा एखादाच असतो.

वीणा हे स्वराचे साधन असले, तरी तिचे स्थान वाद्यापेक्षा दैवताचे आहे. वीणेकरी ती गळ्यात अडकवून उभा असतो. वारकरी वीणेकऱ्याच्या पाया पडतात, तेव्हा त्याचे वय किंवा जात पाहिली जात नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. ठराविक वेळाने एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात ती दिली जाते. यास वीणेचा पहारा म्हणतात.

संवादिनी म्हणजे पेटी ही नंतर आलेली आहे. देवळातील बैठ्या भजनात आणि कीर्तनात ती सर्रास असते. चालत्या दिंडीत मात्र परंपरेने तिला स्थान नाही.

गावाचे वार्षिक चक्र

गावातील भजनी मंडळाचे वर्ष एकादशीच्या मापाने मोजले जाते. दर पंधरवड्याला एक याप्रमाणे वर्षात २४ एकादशा येतात, अधिक मासात दोन वाढतात. एकादशीला रात्री भजन किंवा जागर होतो आणि द्वादशीला पारणे. याशिवाय श्रावण आणि कार्तिक महिन्यांत पहाटेचा काकडा, रामनवमी, गोकुळाष्टमी, तुकाराम बीज आणि ग्रामदैवताची यात्रा हे प्रसंग असतात. गावात कोणाचे निधन झाल्यास अंत्ययात्रेपुढे भजन म्हणण्याचे आणि दहाव्या-तेराव्या दिवशी प्रवचन-कीर्तनाला साथ करण्याचे कामही मंडळाकडेच असते. यासाठी मोबदला घेत नाहीत.

वर्षातील सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे अखंड हरिनाम सप्ताह. त्याचा दैनंदिन क्रम बहुतेक गावांत सारखा आहे. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे किंवा तुकाराम गाथेचे पारायण, दुपारी भोजन, त्यानंतर प्रवचन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर. ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय आणि सुमारे नऊ हजार ओव्या सात दिवसांत वाचून पूर्ण करावयाच्या असतात. आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन होऊन दही-लाह्यांचा काला वाटतात आणि महाप्रसादाने समाप्ती होते.

रात्रीचा जागर शेजारच्या गावांनी वाटून घेण्याची पद्धत आहे. आज एका गावाचे मंडळ, उद्या दुसऱ्याचे. पाहुणे मंडळ आपल्या उत्तम चाली राखून ठेवते आणि यजमान गाव त्या कान देऊन ऐकते. ही चढाओढ उघडपणे कोणी मान्य करीत नाही, कारण भजनात स्पर्धा नसावी असा संकेत आहे. तथापि दुसऱ्या दिवशी पारावर आणि दूध डेअरीच्या रांगेत कोणाचा पखवाज बोलला आणि कोणाची टीप फाटली याची चर्चा झाल्याशिवाय राहत नाही.

भजनरसिक

प्रत्येक गावात स्वतः फारसे न गाणारी, पण भजनाचा सारा व्यवहार ज्यांच्यावर उभा असतो अशी माणसे असतात. देवळाची किल्ली, समईचे तेल, टाळांच्या तुटलेल्या दोऱ्या, पखवाजासाठी कणीक, सप्ताहाची वर्गणी, कीर्तनकारांच्या तारखा ही सर्व कामे ते पाहतात. त्यांना पद नसते आणि निमंत्रण पत्रिकेवर त्यांचे नाव असतेच असेही नाही. पंचक्रोशीतील प्रत्येक मंडळाची खासियत त्यांना ठाऊक असते. आपल्या गावच्या मंडळाचे उणे ते गावात बोलून दाखवतात, परंतु परगावी त्याच मंडळाची बाजू हिरिरीने मांडतात.

या रसिकांचे ज्ञान लिखित नसते. कोणती चाल कोणाकडून आली, कोणत्या अभंगाची कोणती ओळ पाठांतरात बदलली गेली, कोणत्या घरात जुने बाड आहे, हे त्यांच्या स्मरणात असते. बाड म्हणजे हाताने उतरवलेली अभंगांची वही. छापील गाथा दुर्मिळ होती त्या काळात मंडळाचे सारे भांडवल अशा वह्यांत होते. स्मरण आणि वही या दोन्ही गोष्टी व्यक्तीबरोबर नाहीशा होऊ शकतात, म्हणून अशा एका माणसाचे जाणे ही गावाच्या संगीताची हानी ठरते. गायक गेला तर त्याची जागा दुसरा घेतो. आठवण ठेवणारा गेला तर काय हरपले हे सांगणाराही उरत नाही.

रसिकांची एक कसोटी उल्लेखनीय आहे. अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा असते. तथापि मुद्रा असणे पुरेसे मानले जात नाही, तो अभंग गाथेत आहे काय हे पाहिले जाते. सुरेल पण गाथेबाहेरची रचना कोणी म्हटली तर ती प्रमाण धरायची की नाही यावर वाद होतात. आवाजाची गोडी आणि शब्दाची शुद्धता यांपैकी कशाला झुकते माप द्यावे, हा त्या वादाचा खरा विषय असतो.

कीर्तनाच्या दोन पद्धती

भजनाशी निगडित असलेल्या कीर्तनाच्या दोन पद्धती या भागात परिचित आहेत. नारदीय किंवा हरिदासी कीर्तनात एकच कीर्तनकार पेटी-तबल्याच्या साथीने उभा राहतो. पूर्वरंगात तत्त्वनिरूपण आणि उत्तररंगात आख्यान अशी त्याची रचना असते. आर्या, श्लोक, साकी, दिंडी असे विविध छंद त्यात येतात. मोरोपंतांच्या काव्याचा उपयोग प्रामुख्याने या पद्धतीत झाला.

वारकरी कीर्तनात कीर्तनकाराच्या मागे टाळकऱ्यांची रांग असते आणि एकाच अभंगाचे चरणवार निरूपण होते. प्रमाण म्हणून कीर्तनकार दुसऱ्या एखाद्या अभंगाचा आरंभ करतो आणि टाळकरी तो तत्काळ उचलून पूर्ण करतात. म्हणजे टाळकऱ्याला शेकडो अभंग केवळ पाठ असून भागत नाही, पहिल्या शब्दावरून ते ओळखता यावे लागतात. गावचे मंडळ तयारीचे असेल तर कीर्तन रंगते, नसेल तर मोठा कीर्तनकारही एकटा पडतो.

वारकरी कीर्तन-भजनाच्या संघटित शिक्षणाचा आरंभ विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली आळंदी येथे स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेने झाला. गावोगावची मुले तेथे शिकून परतली आणि त्यांनी आपापल्या गावी पाठांतर व पखवाजाचे धडे सुरू केले. आज अनेक मंडळांतील पखवाजवादक व गायक अशा संस्थांतून शिकून आलेले असतात. त्यामुळे वादनाचा दर्जा उंचावला, मात्र निरनिराळ्या गावांच्या वेगळ्या चाली एकमेकींसारख्या होऊ लागल्या अशी जुन्या जाणकारांची तक्रार असते.

स्त्रियांची ओवी आणि धनगरी गाणे

देवळातील भजन दीर्घकाळ पुरुषांचे राहिले. स्त्रियांचे गाणे घरात, जात्यावर होते. दळताना गायिल्या जाणाऱ्या ओव्यांत पंढरीची वाट, विठ्ठल-रखुमाईचा संसार आणि वारीला निघालेला भाऊ हे विषय पुन्हा पुन्हा येतात. गी प्वातवॅं आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. विजेची गिरणी आली आणि जाते थांबले, तेव्हा या गाण्याला आधार देणारे कामच नाहीसे झाले. एखादी कला जिच्यावर उभी असते ती दैनंदिन कृती संपल्यावर कलेचे काय होते, याचे हे उदाहरण आहे. अलीकडे महिलांची हरिपाठ मंडळे अनेक गावांत स्थापन झाली असून त्या स्वतः टाळ आणि पखवाज वाजवतात.

परिसरातील धनगर समाजात ढोलाच्या साथीने ओव्या म्हणण्याची आणि गजीनृत्याची वेगळी परंपरा आहे. काटेवाडीच्या मेंढ्यांच्या रिंगणात ही पशुपालक संस्कृती आणि वारकरी संप्रदाय एकत्र आलेले दिसतात.

मुद्रित गाथा, चित्रपट आणि ध्वनिमुद्रण

शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली संपादित झालेली तुकाराम गाथा १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून प्रसिद्ध झाली. पुढे स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि गाथा गावोगावी पोहोचली. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाने अभंगांच्या नव्या चाली खेड्यांपर्यंत नेल्या. विष्णुपंत पागनीस यांनी त्यात तुकोबांची भूमिका केली होती आणि १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद इतके तुकोबांच्या वळणाचे होते की, अनेकांनी ते गाथेतीलच मानले आणि ते भजनांतही शिरले. वर उल्लेखिलेल्या प्रमाण-अप्रमाणाच्या वादाचे हे सर्वपरिचित उदाहरण होय.

पुढे भीमसेन जोशी यांच्या संतवाणीने आणि श्रीनिवास खळे, राम फाटक यांच्या स्वररचनांनी अभंग शास्त्रीय बैठकीच्या अंगाने घरोघरी नेला. मंगळवेढ्याच्या परिसराशी नाते असलेले प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्या भक्तिगीतांनी ग्रामीण श्रोत्यांवर मोठी पकड मिळवली. कॅसेटच्या काळात ही गाणी देवळांच्या ध्वनिक्षेपकावर पहाटेपासून वाजू लागली. त्यातून मंडळांना नव्या चाली मिळाल्या. त्याच वेळी, देऊळ बोलते ठेवण्यासाठी माणसांनी जमण्याची गरज उरली नाही. बटण दाबले की काकडा सुरू होतो, पण त्यात आपल्या गावचा आवाज नसतो.

विस्थापन आणि खंड

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात असली, तरी त्याच्या फुगवट्याखाली इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावेही गेली. पळसदेव येथील पळसनाथाचे जुने मंदिर जलाशयात बुडाले. दुष्काळी वर्षात पाणी ओसरले की ते उघडे पडते आणि लोक ते पाहण्यासाठी जातात. गाव उठते तेव्हा घर-जमिनीचा मोबदला मोजता येतो. देवळातील ओवरी, तिथली बसण्याची जागा, रात्री नदीवरून पलीकडच्या गावी ऐकू जाणारा टाळांचा आवाज यांची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. विस्थापित वस्त्या निरनिराळ्या ठिकाणी वसल्यास एका ठेक्यावर वाजणारे हातही विखुरतात. नव्या गावठाणात देऊळ लवकर उभे राहते, मंडळ जुळायला मात्र बराच काळ लागतो.

करोना साथीमुळे २०२० आणि २०२१ या दोन वर्षी पायी वारी झाली नाही. २०२० साली पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. त्या वर्षी आषाढी एकादशी १ जुलै रोजी होती. पालखी मार्गावरील गावांत आषाढाच्या त्या दिवसांत ना मुक्काम पडला, ना रिंगण झाले. २०२२ पासून पायी सोहळा पूर्ववत झाला. या खंडाच्या काळात अनेकांनी आपल्या उंबऱ्यावर उभे राहून हरिपाठ म्हटला. सोहळा थांबला तरी पाठांतर शिल्लक होते, हे त्यातून दिसून आले.

सद्यस्थिती

८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. पाटस, बारामती, इंदापूर, अकलूज अशी जाणारी तुकाराम पालखी मार्गाची वाट राष्ट्रीय महामार्ग म्हणून विकसित होत आहे. रुंद रस्त्यामुळे दिंड्यांची चाल सुकर होते. मात्र रस्त्यालगतच्या जुन्या झाडांची सावली आणि गावातून जाणारी वाट यांना काही ठिकाणी मुकावे लागते.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकावर सर्वसाधारणपणे निर्बंध आहेत. याचा परिणाम रात्रीच्या जागरावर झाला. काही मंडळांनी ध्वनिक्षेपकाविना जागर करण्याची जुनी रीत पुन्हा स्वीकारली. याउलट लग्न आणि मिरवणुकांत डीजेचे प्रस्थ वाढले आहे. तरुण वर्ग नोकरीसाठी बारामती, पुणे येथे जातो आणि सप्ताहासाठी रजा काढून परत येतो. मोबाइलवर चाली ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची पद्धत रूढ होत आहे. ज्या चालींची बाडे नव्हती त्यांच्यासाठी हा उपयुक्त मार्ग आहे.

तथापि ध्वनिमुद्रण हे भजनाची आठवण जपते, भजन चालवीत नाही. समोरच्या ओळीने चरण झेलल्याशिवाय भजन पूर्ण होत नाही आणि त्यासाठी दोन ओळी भरतील इतकी माणसे एकादशीच्या रात्री देवळात यावी लागतात. इंदापूर-बारामती परिसरातील भजनाचे भवितव्य गायकांच्या गुणवत्तेइतकेच या उपस्थितीवर अवलंबून आहे. एकट्याने गाता येणारा अभंग अनेकांना येतो, गावाचे भजन मात्र गाव जमल्यावरच होते.